मुठीवरच्या रेषा

१

आमच्याकडे प्रत्येक सुरी तिघींच्या हातांतून जायची. पातं ताई घडवायची, मूठ मी करायची आणि पास-नापास आई ठरवायची.

तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत ताईची सहाण आणि पट्ट्याची मशीन, मागच्या खोलीत माझं टेबल, शिकंजा, पाण्याची परात आणि घासायच्या वॉटर पेपरच्या चळती. वरच्या मजल्यावर आम्ही तिघी राहायचो. ताईनं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, आणि आईला आमच्या दोघींपैकी कुणाबद्दलच फारसं काही वाटत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मूठ म्हटली की लोकांना लाकूड आठवतं. पण मोठ्या स्वयंपाकघरात सुरी दिवसभर ओलीच असते. लाकूड फुगतं, मग तडकतं. म्हणून आम्ही कापडाच्या पट्ट्या वापरायचो. कापडाचे थरावर थर रेझिनमध्ये भिजवून दाबायचे, की दगडासारखी कडक पट्टी तयार होते. सपाट असते तोवर तिच्यावर काही दिसत नाही. तिला गोलाई द्यायला लागलं की आतले थर उघडे पडतात आणि रेषा उमटतात, एकात एक वळत गेलेल्या, नकाशावर डोंगर दाखवतात तशा. आधी जाडा कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक कागदानं आधीच्या कागदाचे ओरखडे पुसायचे. सगळं पाण्याखाली करायचं, कारण ही धूळ एकदा छातीत गेली की तिथलीच होते. शेवटी बफच्या, म्हणजे मऊ कापडाच्या चाकावर धरून चमक आणायची.

मग सुरी वर जायची. आईनं उभी हयात कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. डोळे मिटून कापडावरून बोटं फिरवायची आणि सुटलेला टाका शोधून काढायची. मुठीवरूनही ती तशीच बोटं फिरवायची. कुठे खरखर लागली की म्हणायची, "बारके, इथे मांजराची जीभ आहे." मी चाळिशी ओलांडली, तरी तिच्यासाठी बारकीच होते.

मी कितीही वाद घातला तरी त्या जागी ओरखडा असायचाच.

२

एका आचाऱ्यानं त्याच्या नव्या हॉटेलसाठी सुऱ्यांचा संच सांगितला होता. मुठी गडद हव्यात, एवढीच त्याची अट. मालवाल्यानं पट्ट्यांचा गठ्ठा पाठवला. त्यातली एक जोडी बाकीच्यांपेक्षा थोडी वेगळी वाटली, काळपट राखाडी. मी मालवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "गठ्ठ्यात आली ना? मग चांगलीच असणार." त्याचं उत्तर नेहमी हेच असतं.

मी ती जोडी मोठ्या सुरीला दोन्ही बाजूंनी लावली. पात्यावर चिकटपट्टी गुंडाळली, सुरी शिकंज्यात धरली आणि घासायला घेतली.

काळी पट्टी घासली की पाणी काळं होतं, हिरवी घासली की हिरवं. यात चुकायला जागा नाही. पण त्या पट्टीचं पाणी गव्हाळ झालं. परातीच्या तळाशी जो गाळ बसला, तो मी बोटानं उचलून पाहिला. मऊ होता. कापडाचा गाळ किंचित टोचतो, हा टोचत नव्हता.

मी म्हटलं, रेझिन जुनं असेल. जुनं रेझिन पिवळं पडतं, हे काही नवीन नाही. पाणी मोरीत ओतलं आणि परात भरून घेतली.

जाड्या कागदानंतरच इतक्या दाट रेषा आल्या की मला नवल वाटलं. एरवी त्या खूप पुढे दिसतात. वरच्या भागात, जिथे अंगठा टेकतो, तिथे त्या गोल फिरून मध्यावर एका बिंदूशी मिळत होत्या. सुंदर होत्या, खोटं कशाला बोलू. काम पूर्ण व्हायच्या आधी मी कधीच आईला दाखवत नाही. त्या दिवशी मात्र तशीच ओली सुरी घेऊन वर गेले.

आईनं डोळे मिटले, बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली.

"कुणाची आहे ही?"

"आचाऱ्याची. अजून जाडा कागदच झालाय, खरखर शोधत बसू नकोस."

"ते नाही विचारत. आधी कुणाची होती?"

"आई, नवी आहे."

"वापरातली वाटते," ती म्हणाली आणि हात पदराला पुसले.

३

त्या आठवड्यात आईच्या हातून वस्तू निसटायला लागल्या. आधी पेला. मग चष्मा. मग सुईत दोरा ओवताना सुईच तिच्या चिमटीत राहीना. बोटांत जोर होता, माझं मनगट ती अजूनही दुखेल इतकं घट्ट धरायची. पण वस्तू नुसती घसरायची, साबणाच्या हातातून घसरावी तशी.

त्याच दिवसांत माझा फोन माझा अंगठा ओळखेनासा झाला.

मी ताईला सांगितलं. ती मशीनवरून नजर न हटवता म्हणाली, "दिवसभर कागद घासतेस. बोटं झिजणारच. माझा फोन तर मला कधीपासून ओळखत नाही."

"आणि आईची? ती कुठे घासते?"

"आईची सत्तरी आली. म्हाताऱ्या माणसांची बोटं गुळगुळीत होतात. चहा टाकतेस का?"

दोन्ही उत्तरं बरोबर होती. मीही तीच दिली असती. मी चहा टाकला आणि आईला कानाचा कप दिला. तिनं कानात बोट अडकवून तो नीट धरला. मी तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहत होते. तो टेबलावर उताणा पडला होता. आईच्या तळहातावर आडव्या-उभ्या इतक्या रेषा होत्या की लहानपणी आम्ही त्यांना गावाचे रस्ते म्हणायचो. माझं घर इथे, ताईचं तिथे, असं खेळायचो. आता रस्ते होते, पण पुसट. उजेड तिरपा पडला तरच दिसत होते.

खाली जाऊन मी त्या मुठीला पुढचा बारीक कागद लावला. का लावला, हे मला विचारू नका. काम हातात होतं आणि आचाऱ्याला तारीख दिली होती. शिवाय ज्या गोष्टीला नाव नाही, तिच्यासाठी काम कसं थांबवायचं?

४

प्रत्येक नव्या कागदाबरोबर मुठीवर रेषा वाढत होत्या. दुपारच्या उन्हात मी ती खिडकीशी धरली आणि खालच्या टोकाला एक तिरका ओरखडा दिसला. माझ्या हातून असा ओरखडा राहत नाही. मी पुन्हा जाडा कागद घेतला, तेवढा भाग घासला, मग बारीक. ओरखडा गेला नाही, उलट स्वच्छ झाला. तिरकी रेघ आणि तिला छेद देणाऱ्या छोट्या छोट्या रेघा, गोधडीच्या टाक्यांसारख्या.

जेवताना आईनं पाणी प्यायला मान वर केली, आणि माझा घास तोंडातच राहिला.

ताई लहान असताना आई तिला कडेवर घेऊन जिना उतरत होती. पाय सरकला. आईनं ताईला वर उचलून धरलं आणि स्वतःची हनुवटी पायरीवर आपटली. टाके घालावे लागले. ताईला साधं खरचटलंही नव्हतं. त्या व्रणाचा आईनं आयुष्यभर हत्यारासारखा वापर केला. ताईनं उलट उत्तर दिलं की आई हनुवटी पुढे काढायची आणि म्हणायची, "या हनुवटीची तरी लाज ठेव." ताई चिडायची आणि हसायचीही.

हनुवटी कोरी होती.

"आई, तुझा व्रण कुठे गेला?"

तिनं हनुवटीला हात लावला. "होता का?"

"आई. ताईला घेऊन जिन्यावरून पडलीस तेव्हाचा."

"असेल," ती म्हणाली आणि शांतपणे भात कालवायला लागली.

मला व्रणापेक्षा त्या 'असेल'ची भीती वाटली. माझ्या आईनं कुठलीही गोष्ट 'असेल' म्हणून सोडलेली मला माहीत नव्हती. भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, बातम्या सांगणाऱ्या बाईशी, सगळ्यांशी तिचा वाद असायचा. गेले काही दिवस तिचा कुणाशीच वाद नव्हता. मीठ कमी पडलं तरी जेवत होती. ताईलाही ते जाणवलं होतं. तिला वाटत होतं, आई अखेर निवळली.

जेवण झाल्यावर मी ती सुरी फडक्यात गुंडाळली आणि खणात ठेवली.

"ताई, त्या मोठ्या सुरीला हात लावू नकोस. ती मी बघेन."

"का? काय झालंय तिला?"

सांगायला मी तोंड उघडलं. पण हे वाक्य सुरू कुठून करायचं? "रेझिनमध्ये दोष आहे," मी म्हटलं.

५

सकाळी आईला ब्लाउजची बटणं लावता येईनात. मी तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. ताई म्हणाली, "तू निवांत जा, इथलं मी पाहते." तिच्या मनात माझ्याबद्दल मायाच होती. मी थकले आहे, मला झोप नाही, हे ती पाहत होती.

दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीनं वय विचारलं. मी सांगितल्यावर तिनं आईकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "मला वाटलं तुमच्या मोठ्या बहीण असतील." आईही हसली. हसताना तिच्या डोळ्यांच्या कडेला एकही सुरकुती पडली नाही.

आम्ही भिंतीला लागून बाकावर बसलो. समोर पंखा, पाण्याचं पिंप, गुडघ्याचं मोठं चित्र. मी आईचा हात हातात घेतला होता. तिला धीर द्यायला घेतला, असं मी स्वतःला सांगत होते.

काही वेळानं तो हात गरम वाटायला लागला.

ताप असेल, म्हणून मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. फक्त हात तापत होता, तोही तळव्याकडून. आणि आत कुठेतरी, हाडाजवळ, बारीक थरथर होती. ती कंपवाताची नव्हती. एका लयीत, अखंड, मशीन चालू असताना टेबलावर हात ठेवला की जाणवते तशी.

ती ऊब मला ओळखीची होती. मी ती रोज अनुभवते. मूठ बफच्या चाकावर धरली की ती अशीच तापते. जास्त तापली की आम्ही हात मागे घेतो, मूठ पाण्यात बुडवतो आणि पुन्हा धरतो.

आईचा हात अचानक गार झाला. ओला झाल्यासारखा.

मग पुन्हा तापायला लागला.

मी दुसऱ्या हातानं ताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बफचं चाक फिरत असताना पुढच्या खोलीत कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, फोनचं काय घेऊन बसलात. माझ्या हातातल्या हातावरच्या शिरा खाली बसत होत्या. मी बघत नव्हते, बोटांना कळत होतं. सांध्यांवरचे उंचवटे एकेक करून सपाट झाले. मी नखं चाचपली आणि पुन्हा चाचपली नाहीत.

"आई, दुखतंय का?"

"नाही गं," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण त्यात चढ-उतार नव्हता. "छान वाटतंय."

मी उठले. गळ्यातली ओढणी काढून तिच्या डोक्यावरून, चेहऱ्यावरून घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अहो, पुढचा नंबर तुमचाच आहे." मी म्हटलं, "धूळ सहन होत नाही तिला," आणि तिला घेऊन बाहेर पडले.

६

टॅक्सीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. ओढणी वाऱ्यानं उडत होती. मी ती धरून ठेवायला हवी होती, पण मला तिकडे वळवेना. माझ्या बाजूच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, आणि त्याच्यामागे, माझ्या खांद्यापाशी, काहीतरी फिकट आणि चकचकीत दिसत होतं. रस्त्यावरच्या दुकानांचे फलक त्यावरून सरकत होते. मी स्वतःला म्हटलं, काच आहे, काचेत काहीही दिसतं.

ड्रायव्हर सुरुवातीला गप्पा मारत होता. एका सिग्नलला त्यानं समोरच्या आरशात पाहिलं. मग हात वर केला, आरसा थोडा फिरवला आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

बफच्या चाकाचा आवाज रस्त्यावरूनच ऐकू येत होता. मी आईचा हात धरून तिला आत आणलं. तो इतका गुळगुळीत झाला होता की बोटांनी धरता येत नव्हता, मला मनगटाला विळखा घालावा लागला. मी ओरडले नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं.

चाक थांबायला वेळ घेतं. ते थांबेपर्यंत ताई पाठमोरीच होती. मग वळली. घामेजलेली, खूश.

"रागावू नकोस. आचारी संध्याकाळी यायचा होता आणि तू किती लोड घेशील? दोष-बिष काही नाही हिच्यात. बघ तरी. इतकी वर्षं करतोय आपण, पण अशी मूठ झाली नव्हती."

तिनं सुरी पुढे धरली. खिडकीतला सगळा उजेड त्या मुठीवर आला होता. आणि रेषा. केसांहून बारीक, हजारो, एकमेकींत वळत गेलेल्या. मध्यभागी त्या दोन ठिकाणी अर्धगोल होऊन पंख्यासारख्या पसरल्या होत्या, उन्हात डोळे बारीक केले की कडेला पसरतात तशा. त्यांच्याखाली दोन खोल रेघा उतरत होत्या. खाली टाके होते. मी पुढचं पाहिलं नाही. मला एवढंच कळलं की ही मूठ चिडली तर कशी दिसेल, हे मी सांगू शकले असते.

ताईनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. ओढणी केव्हाच घसरली होती, माझ्या पायाशी पडली होती. ताईचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. ती सरळ माझ्या मागे पाहत होती.

"बारके," ती हळूच म्हणाली, "आई कुठंय?"

माझ्या विळख्यातलं मनगट किंचित हललं.

७

आचाऱ्याला आम्ही दुसरी सुरी करून दिली. पहिलीची मूठ तडकली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, होतं असं.

आई वरच असते. आम्ही तिला भरवतो, तिचं सगळं करतो. ओढणी आता तिला सवयीची झाली आहे, आणि आम्हालाही. डॉक्टरांना आम्ही बोलावलं नाही. त्यांना काय दाखवायचं यावर ताई आणि मी एकदाच बोललो आणि ते बोलणं अर्ध्यात सोडलं.

पहिले काही दिवस मी वेड्यासारखी ती मूठ परत आधीसारखी करायच्या मागे होते. जाडा कागद हातात घेऊन बसायचे. पण कागद फक्त काढून नेतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. कागद तसाच ठेवून द्यायचे.

मग एकदा ताईनं सुरी वर आणली. का आणली, ते तिलाही सांगता आलं नाही. तिनं आधी सहाणेवर पात्याची धार पार मारून टाकली होती. आईच्या हातात काहीच टिकत नव्हतं, चमचा नाही की रुमाल नाही. पण मूठ बसली. बोटं आपसूक तिच्याभोवती मिटली.

आणि ओढणीमागून आई म्हणाली, "हा पंखा कुणी एवढा जोरात ठेवलाय? वीज काय फुकट येते?"

मी पंखा बंद केला.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही सुरी तिच्या हातात द्यायला लागलो. हातात असेपर्यंत ती आईच असायची. ताईच्या केसांवरून बोलायची, माझ्या घटस्फोटावरून बोलायची, शेजारणीची नक्कल करायची. एकदा म्हणाली, "ओढणी काढा तरी, गुदमरतं." आम्ही दोघी जागच्या हललो नाही, आणि तिनंही पुन्हा म्हटलं नाही. मूठ काढून घेतली की ती शांत व्हायची, विचारलं तर म्हणायची, छान आहे.

पण हात हाही एक कागदच आहे, सगळ्यात बारीक. रोज हाताळलेली मूठ झिजते. जुन्या सुऱ्या दुरुस्तीला येतात तेव्हा मी ते नेहमी पाहते, अंगठ्याची जागा आधी जाते. गेल्या आठवड्यात मी ती मूठ खिडकीशी धरली. वरच्या भागात, जिथे रेषा गोल फिरत होत्या, तिथे आता काही नव्हतं. आणि त्या दुपारी बोलता बोलता आईला ताईचं घरातलं नाव आठवलं नाही.

ताईनं सुरी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "असेल तेवढं राहू दे," ती म्हणाली. "संपवायचं नाही आपण." किल्ली तिनं गळ्यात घातली. तिचं बरोबर होतं. त्यानंतर आई दिवसभर खिडकीशी बसायची. रस्त्यावरची माणसं, गाड्या, सगळं तिच्यापुढून जायचं, आणि तिची कशालाच हरकत नसायची.

आज ताई माल आणायला गेली. अंघोळीला जाताना काढलेली किल्ली ती मोरीच्या फळीवर विसरली होती. मी थोडा वेळ त्या किल्लीकडे पाहत उभी राहिले. मग कपाट उघडलं.

आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, तिची बोटं उलगडली आणि मूठ त्यांच्यात ठेवली. बोटं मिटली. पण नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. इतका की मी सुरी काढून घ्यायला हात पुढे केला.

"किती वेळ लावलास," आई म्हणाली.